टर्बो गेला, असे म्हणण्याआधी

डिझेल गाडीचा टर्बो गेला, असे ऐकले की मालकाचा चेहरा उतरतो. कर्जाचे हप्ते भरून व्हॅन चालवणाऱ्याला तो खर्च पेलवत नाही. शिवाय टर्बो खरोखर बिघडला आहे का, हे त्याला स्वतः तपासता येत नाही. मिस्त्री बोनेटखाली डोके घालतो, वर काढतो आणि म्हणतो, "टर्बो गेला." पुढचा सगळा खर्च या दोन शब्दांवर होतो. नाशिकला वडाळा नाक्याजवळ आम्ही भाऊ मिळून गॅरेज चालवतो. आमच्या मते हे दोन शब्द म्हणजे गवाही आहे, आणि न पाहता गवाही देता येत नाही.

टर्बोचे काम समजायला सोपे आहे. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक छोटा पंखा फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा असतो. तो बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. हवा जास्त मिळाली की जास्त डिझेल नीट जळते आणि लहान इंजिनही मोठा भार ओढते. स्वित्झर्लंडचे इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले होते. आजच्या व्हॅनमधला हा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. म्हणून टर्बोचा जीव ऑइलमध्ये असतो.

गेल्या वर्षी एक व्हॅनवाले आमच्याकडे आले. उमऱ्याला जाणाऱ्यांना मुंबईच्या विमानतळावर सोडायचे आणि परतणाऱ्यांना घरी आणायचे, ही त्यांची रोजी. जाताना कसारा घाट उताराचा, तेव्हा काही जाणवत नसे. येताना मात्र चढावर गाडी दुसऱ्या गिअरवर यायची, मागे काळा धूर सुटायचा आणि आत जमजमचे कॅन सांभाळत बसलेली मंडळी घाबरून जायची. एका गॅरेजने त्यांना नवा टर्बो सांगून ३८ हजारांचा अंदाज लिहून दिला होता. भाभींच्या बांगड्या सराफाकडे न्यायचे घरात ठरलेही होते.

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी पडते आहे. त्याला टर्बो कारण असू शकतो, पण हवा वाटेत कुठे अडते किंवा गळते, हे आधी पाहावे लागते. एअर फिल्टर साफ होता. इंजिन थंड झाल्यावर आम्ही टर्बोकडे जाणारा होज काढला आणि बोटाने पंखा फिरवला. तो अलगद फिरला. आडवा किंचित हलत होता. ऑइलच्या थरासाठी तेवढी जागा असतेच. आत-बाहेर ओढून पाहिला तर जराही हलेना, आणि पाती कुठे घासलेली नव्हती. टर्बो ठणठणीत होता. मग एकाने इंजिन रेस केले आणि दुसऱ्याने कान लावला. इंटरकूलरच्या खालच्या होजला क्लॅम्पच्या आडोशाला बोटभर चीर होती. गाडी उभी असताना ती मिटलेली राहायची, दाब आला की उघडायची. नवा होज, दोन क्लॅम्प आणि मजुरी धरून खर्च दोन हजारांच्या आत झाला. पुढच्या फेरीत घाट चढून इगतपुरीला चहाला थांबल्यावर त्यांनी फोन केला. बांगड्या घरातच राहिल्या.

याच्या उलटही घडते. शाळेची मुले नेणारी एक व्हॅन आली. निळा धूर, दर आठवड्याला कमी होणारे ऑइल आणि सायरनसारखा आवाज. पंख्याची पाती घासली होती. टर्बो खरोखर गेला होता. मालक म्हणाले, नवा बसवा, संध्याकाळी गाडी द्या. पण टर्बो सहसा आपला आपण मरत नाही. त्याला कोणीतरी मारलेले असते. ऑइल आणणारा पाइप उघडला तर आत जळलेल्या ऑइलचा काळा थर बसून वाट चिंचोळी झाली होती. त्याच पाइपवर नवा टर्बो बसवला असता, तर तोही थोड्याच दिवसांत गेला असता. आम्ही पाइप बदलले, चेंबर खोलून जाळी धुतली आणि इंटरकूलरमध्ये साठलेले ऑइल काढले. ते राहिले तर इंजिन त्याच ऑइलवर बेफाम पळू शकते, चावी बंद करूनही थांबत नाही. नव्या टर्बोत हाताने ऑइल भरले आणि प्रेशर येईपर्यंत गाडी सुरू न करता फक्त सेल्फ मारला. दोन दिवस गेले. पालकांचे फोन येत होते, मालक आमच्यावर चिडले. ते सोसून काम पूर्ण करणे हाही त्यांचा हकच होता.

होज बदलून हाती फार थोडे पडते, टर्बो बदलला की गल्ला भरतो. मोह असतोच. सूरह मुतफ्फिफीनचे नावच मापात मारणाऱ्यांवरून आहे. ती केवळ तराजूवाल्यांसाठी आहे, असे आम्हाला वाटत नाही. ज्याला इंजिनातले काही दिसत नाही, त्याला चांगला भाग खराब म्हणून सांगणे हेही मापात मारणेच आहे.

ज्या घरांची चूल अशा गाडीवर पेटते, त्यांनी थोडी काळजी घ्यावी. सकाळी गाडी सुरू करताच रेस करू नये. घाट चढून आल्यावर लगेच चावी फिरवू नये. एक-दोन मिनिटे गाडी सुरू ठेवावी, नाहीतर तापलेल्या टर्बोत ऑइल जागीच जळते. कंपनीने सांगितलेलेच ऑइल वापरावे आणि बदलल्याची तारीख व किलोमीटर घरातल्या वहीत लिहावेत. आणि कोणी "टर्बो गेला" म्हणाले, तर अदबीने तीन गोष्टी मागाव्यात: कसे तपासले ते दाखवा, कशामुळे गेला ते सांगा, आणि जुना भाग परत द्या. प्रामाणिक मिस्त्रीला याचा राग येत नाही. आमच्या गॅरेजमध्येही हे जरूर विचारा.