दहा ग्रॅम

केमिकलवाल्यांचं ट्रेनिंग म्हटलं की डोळ्यांपुढे रिअ‍ॅक्टर, उंच कॉलम आणि हेल्मेट घालून काढलेला फोटो येतो. माझ्या वाट्याला आले सुरी, चॉपिंग बोर्ड आणि कोबी. फळं-भाज्यांमधले कीटकनाशकांचे अंश तपासणाऱ्या एका लॅबमध्ये मी सहा आठवडे होते. रूमवरच्या मैत्रिणी रात्री फोनवर विचारायच्या, "आज काय केलंस गं?" मी सांगायचे, "कोबी चिरला." मग पलीकडून जो हशा यायचा तो अजून कानात आहे. "चार वर्षं थर्मो शिकून शेवटी मेसच्या मावशींचं काम!"

खरं सांगायचं तर पहिले चार दिवस मलाही तसंच वाटलं. पलीकडच्या एसी खोलीत कोटीच्या घरातलं एलसी-एमएस-एमएस मशीन गुणगुणत होतं आणि मला तिथे प्रवेश नव्हता. लॅबमधल्या सीनियर मॅडमनी मला नमुना तयार करायच्या खोलीत उभं केलं आणि एकच वाक्य ऐकवलं, "मशीन खोटं बोलत नाही, पण त्याला जे दिलं त्याच्याबद्दलच ते बोलतं."

आधी आकडा समजून घ्या. युरोपात एखाद्या औषधाला वेगळी मर्यादा ठरलेली नसेल तर किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा धरतात. म्हणजे शंभर टन मालात एक ग्रॅम! दहा टनांच्या दहा ट्रकांमध्ये मिळून चिमूटभर पावडर. आणि ही चिमूट आहे की नाही हे आपण ठरवणार कशावरून, तर नळीत घेतलेल्या दहा ग्रॅम लगद्यावरून. अख्खा प्लॉट, मग त्यातले काही किलो, मग मिक्सरमधला लगदा, मग हे दहा ग्रॅम. प्रत्येक पायरीला बाकीचा माल मागे राहतो आणि हातातला भाग सगळ्यांच्या वतीने बोलायला पुढे जातो. आमचे सीआर आमच्या वतीने बोलतात तसंच, फक्त इथे निवड नीट करावी लागते.

म्हणून चिरण्याचेही नियम आहेत, आणि ते आईने शिकवलेल्या प्रत्येक गोष्टीच्या उलट आहेत. धुवायचं नाही. पुसायचं नाही. केळं सालासकट वाटायचं. आंब्याची कोय काढायची, पण हिशोब मांडताना तिचं वजन फळात धरायचं. कोबीची सडलेली, सुकलेली पानं तेवढी काढायची. चांगली बाहेरची पानं ठेवायची. बटाटा-गाजराची माती मात्र गार पाण्याखाली हलकेच काढायला परवानगी आहे. मी विचारलंच, "मॅडम, केळं सालासकट खातं कोण?" त्या म्हणाल्या, "कोणी नाही. पण ही मर्यादा शेतातून निघालेल्या मालाला लावतात, तुझ्या ताटाला नाही. औषध लेबलप्रमाणे मारलं का, फवारणी आणि तोडा यांत पुरेसे दिवस सोडले का, हे त्यातून बघायचंय. तू धुऊन आणलंस तर मी तपासू काय, तुझा नळ?"

कोबीचे निदान पाच गड्डे आणि निदान दोन किलो घ्यायचे. प्रत्येकाचे उभे चार भाग करून समोरासमोरचे दोन उचलायचे, कारण फवारा सगळीकडून सारखा बसत नाही आणि बाहेरच्या पानावर जे असतं ते गाभ्यात नसतं. टोमॅटोची गंमत आणखी वेगळी. मिक्सरमध्ये गर लगेच पातळ होतो, पण सालीचे तुकडे चिवटपणे तरंगत राहतात, आणि औषध बऱ्याचदा सालीवरच. तुमच्या दहा ग्रॅममध्ये साल जास्त आली की आकडा वर, कमी आली की खाली. त्यावर उपाय म्हणजे चिरलेले तुकडे आधी गोठवायचे आणि ड्राय आइस घालून वाटायचे. ड्राय आइस म्हणजे गॅदरिंगला स्टेजवर धूर सोडायला वापरतात तेच. साल काचेसारखी फुटते, सगळ्याचा बर्फाळ भुगा होतो. मग डबा झाकण सैल ठेवून रात्रभर फ्रीझरमध्ये. घट्ट लावलंत तर आत साठलेल्या वायूने सकाळी झाकण छताला भेटेल.

पुढची रीत सोपी आहे. तिचं नावच 'कॅचर्स'. झटपट, सोपी, स्वस्त वगैरे इंग्रजी विशेषणांची आद्याक्षरं जुळवून २००३ मध्ये तिच्या जनकांनी हे बारसं केलं. त्याआधी एका नमुन्याला शेकडो मिलिलिटर सॉल्व्हंट लागायचं. इथे दहा ग्रॅम लगद्याला दहा मिलिलिटर अ‍ॅसिटोनायट्राइल. नळी जोरात हलवायची, मग चार ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि एक ग्रॅम साधं मीठ. मॅग्नेशियम सल्फेट पाणी ओढून घेतं आणि नळी हातात चक्क गरम होते. दोन थर सुटतात, बरीचशी औषधं वरच्या थरात येतात. त्यातून साखर, आम्लं, हिरवा रंग काढून टाकणाऱ्या पावडरी घालून पुन्हा फिरवायचं. झालं. डाळी-धान्यासारखा कोरडा नमुना असेल तर आधी पाणी घालून भिजवायचा.

पण एका पद्धतीत सगळं सापडत नाही. मँकोझेब द्राक्षावर डाऊनीसाठी मारतात. ते फळाच्या रसाशी गाठ पडली की मोडतं, म्हणून त्याच्यासाठी न वाटलेल्या तुकड्यांचा वेगळा भाग आधीच काढून ठेवायचा. २०१० मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले ते सीसीसीमुळे. वेलीची वाढ आवरणारं हे रसायन तोवर आपल्या तपासणीच्या यादीतच नव्हतं. शिवाय ते पाण्यात इतकं रमतं की नेहमीच्या रीतीने वरच्या थरात धड येत नाही. शोधलं नाही, म्हणून सापडलं नाही.

मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट मात्र वेगळीच. लॅब स्वतःची परीक्षा घेते. स्वच्छ नमुन्यात मोजून औषध घालायचं आणि किती परत मिळतं ते बघायचं. सत्तर ते एकशेवीस टक्क्यांत आलं की पास. ऐकायला झकास. पण हे औषध आपण घालतो ते वाटून झालेल्या दहा ग्रॅममध्ये! म्हणजे त्याआधी बोर्डावर काय झालं, कोणी कंटाळून तीनच गड्डे घेतले का, घाईत साल बाजूला राहिली का, याचा पत्ता त्या टक्केवारीला लागत नाही. रिपोर्टवर सही असते, दशांश चिन्हापुढे तीन आकडे असतात, आणि चिरणाऱ्याचा प्रामाणिकपणा मोजायचा रकाना नसतो.

चौथ्या आठवड्यात एक द्राक्ष बागायतदार काका स्वतः पिशवी घेऊन आले. तोडा दहा दिवसांवर, व्यापाऱ्याने रिपोर्ट मागितलेला. "मॅडम, एक नंबर घड निवडून आणलेत. धुऊन, पुसून घेतलेत बघा." पाव्हण्यांकडे न्यायची असावीत अशी ती द्राक्षं चकाकत होती. मॅडमनी पिशवी उघडून बघितली. "काका, हे मी तपासते. निर्धोक आलं तर तुम्ही खूश व्हाल, व्यापारी माल उचलेल. आणि बंदरावर त्यांनी न धुतलेले घड तपासले तर?" काका गप्प. मग हळूच म्हणाले, "पण फी दोनदा भरायची का? आधीच कर्ज काढून बाग उभी केलीय." मॅडमनी ती पिशवी नोंदवलीच नाही. दुसऱ्या दिवशी लॅबचा माणूस त्यांच्या प्लॉटवर गेला, मीही बरोबर गेले. कडेच्या ओळी सोडून नागमोडी चालत, ओळीच्या दोन्ही बाजूंनी, उन्हातले आणि सावलीतले, वरचे आणि खालचे घड कापले. काका मागून येत होते आणि प्रत्येक बारक्या घडापाशी "तो नको, तो" म्हणून दुसरा दाखवत होते. आमच्या माणसाने एकदाही ऐकलं नाही.

लॅबला आल्यावर पिशवीवरचं नाव गेलं आणि कोड लागला. आतल्या खोलीत कोणाला कोणाचा माल ते कळू नये म्हणून. त्या दिवशी माझ्या बोर्डावर द्राक्षांच्या सहा पिशव्या होत्या. मी सहाही पिशव्यांमधल्या प्रत्येक घडाचा भाग घेतला, देठ काढले, गोठवायला ठेवले. पुढे सहापैकी एका कोडपुढे लाल खूण झाली, एवढं नोटीस बोर्डावर दिसलं. ते काकांचं होतं की नाही, मला माहीत नाही.