ओट्याची उंची

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याच्यावर राहत्या घरातील स्वयंपाकघर मोडून नवे करण्याचा प्रसंग आला नसावा. आला असता, तर म्हणीत आणखी एका कलमाची भर पडली असती. नोकरीची ३५ वर्षे राज्य शासनाच्या लोकनिर्माण विभागात निविदा आणि खरेदी यांच्या कागदांत घालवल्यामुळे या परीक्षेत आपण सहज उत्तीर्ण होऊ, असा माझा समज होता. तो कसा दूर झाला हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

इंदूरच्या रामबागेतील आमचे घर वडिलांनी १९६३ साली बांधले. तेव्हा स्वयंपाक जमिनीवर बसून होत असे. १९७८ मध्ये घरी गॅस आला आणि त्यासोबत कोटा फरशीचा ओटा आला. ओट्याची उंची गवंड्याने ठरवली : ३४ इंच. ‘सगळीकडे एवढाच असतो,’ हे त्याचे कारण. माझी आई चणीने लहान. पहिल्याच दिवशी तिने जेवणाचा एक पाट ओट्यापुढे मांडला आणि त्यावर उभी राहून पोळ्या लाटल्या. पुढे सौ. या घरात आली. तिची उंचीही बेताचीच. पाट तेथेच राहिला. आम्ही पुरुष मंडळींनी तो रोज पाहिला, ठेच लागली तर पायाने सरकवला. परंतु ओटा उंच आहे, हे वाक्य आमच्यापैकी कोणाच्या तोंडून कधी निघाले नाही. २०२२ च्या श्रावणात सौ.चा पाय पाटावरून घसरला आणि उजव्या मनगटाचे हाड मोडले. ते सहा आठवडे मी चहा आणि खिचडी यांपलीकडे गेलो नाही. ओट्याचे दुःख मात्र मला तेव्हाही कळले नव्हते. कळले ते एवढेच की, स्वयंपाकघर जुने झाले आहे.

मी रीतसर तीन दरपत्रके मागवली, तुलनात्मक तक्ता तयार केला आणि न्यूनतम दर स्वीकारला. तक्त्यात २ लाख ४० हजार, २ लाख ८५ हजार आणि ३ लाख १० हजार असे आकडे होते. शासनात न्यूनतम दर नाकारला तर कारण लिहावे लागते. स्वीकारला तर कोणी काही विचारत नाही. ही सवय मी निवृत्तीबरोबर घरी घेऊन आलो होतो. परंतु न्यूनतम दराला अर्थ येतो तो सर्वांनी एकाच विनिर्देशाचा दर दिला असेल तेव्हा, हे त्या नियमाचे अर्धे अंग मी विसरलो. तिन्ही कागदांवर ‘प्लायवूड’ एवढाच शब्द होता. कोणते, किती जाडीचे, कोणत्या मानकाचे, याचा उल्लेख नव्हता आणि मीही तो मागितला नाही. शिवाय शासनात कामापूर्वी ठेकेदाराकडून बयाणा रक्कम घेतात; येथे मीच ६० टक्के रक्कम आगाऊ देऊन बसलो. दुकानातील चकचकीत नमुना आणि ‘अंकलजी, टेन्शन मत लो’ हे वाक्य यांचा तो परिणाम होता.

जुना ओटा एका दिवसात निघाला. नवे खोके येण्यास दोन महिने लागले. तोवर मागच्या पडवीत एका टेबलावर शेगडी मांडून आमचा संसार चालला. खोके आले, बसवण्याचे काम सुरू झाले आणि सिंकखालच्या फळीला नळीसाठी भोक पाडताच आतून भुसा गळाला. ते प्लायवूड नव्हतेच. लाकडाचा चुरा दाबून केलेला पार्टिकल बोर्ड होता, जो पाणी लागताच फुगतो. वरून सुंदर लॅमिनेट असल्यामुळे आत काय आहे हे दिसत नव्हते. कापलेली कड मात्र खोटे बोलत नाही. सिलिंडरच्या कपाटाला खाली झरोका ठेवलेला नव्हता. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो. ही गोष्ट त्या दुकानदाराला माहीत नसेल असे मला वाटत नाही. आणि ओट्याची उंची? पुन्हा ३४ इंच. ‘स्टँडर्ड साइज है.’ मी हरकत घेताच माणसे येईनाशी झाली, नंतर फोनही उचलला जाईना.

अखेर मी लेखी नोटीस पाठवली. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला शुल्क लागत नाही, हेही तिच्यात नमूद केले. ८० हजार रुपये परत मिळाले. ६४ हजार गेले. त्या रात्री सौ. एवढेच म्हणाली, “तुम्ही तिघांना भाव विचारलात. मला काही विचारलं नाहीत.” सेवेत असताना लेखापरीक्षणाचे पुष्कळ आक्षेप मी निकालात काढले होते. या आक्षेपाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

दुसऱ्या खेपेस मी दुकाने पाहिली नाहीत, स्वयंपाकघरे पाहिली. एका स्नेह्यांच्या घरी सहा वर्षांपूर्वी केलेले काम होते. नव्या कामाची परीक्षा होत नसते. सहा पावसाळे खाल्लेल्या कामाची होते. मी सिंकखालचे दार उघडून आतील फळीवरून हात फिरवला, जड डब्यांचा खण पूर्ण ओढून पाहिला, बिजागऱ्यांवर गंज आहे का ते पाहिले. वहिनींना एकच प्रश्न विचारला : “काही बिघडलं तेव्हा माणूस आला का?” त्या म्हणाल्या, “दोनदा आला. दुसऱ्यांदा पैसेही घेतले नाहीत.”

तो मिस्तरी मूळचा राजस्थानी, दोन पिढ्या इंदूरात असलेला. त्याने पहिल्याच भेटीत ‘दोन महिने जमणार नाही’ असे सांगितले. हातातले काम पुरे केल्यावाचून नवे न घेणाऱ्या माणसाविषयी माझ्या मनात तेथेच आदर उत्पन्न झाला. साहित्य त्याने मलाच विकत घ्यायला लावले आणि सियागंजात सोबत आला. आयएस ३०३ हे सर्वसाधारण वापराच्या प्लायवूडचे मानक आणि आयएस ७१० हे मरीन प्लायवूडचे, ज्याचा डिंक ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो, हे त्याने दुकानातच समजावले. पाण्याच्या जागी दुसरे, बाकी ठिकाणी पहिले. सगळीकडे महाग घेण्याची गरज नाही, हेही सांगितले. ताव्यावरचा परवाना क्रमांक खरा आहे की नाही, हे ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर पाहता येते. सिंक घेताना मी खिशातून चुंबक काढले, तेव्हा तो हसला. चुंबक चिकटत नाही म्हणजे पोलाद उत्तम, ही आपली भाबडी समजूत. ३०४ आणि त्याहून हलके २०२, दोन्हींना ते चिकटत नाही.

मजुरीचे आम्ही चार हप्ते ठरवले. शेवटचा हप्ता काम संपल्यावर एका महिन्याने द्यायचा होता. हे कलम मी भीतभीत मांडले. त्याने ‘ठीक है’ म्हणून मान हलवली.

परंतु मला तो माणूस पटला तो यांपैकी कशामुळेही नाही. माप घ्यायला आला तेव्हा त्याने टेप भिंतीला लावण्याआधी सौ.ला बोलावले. “बहनजी, आटा कहाँ गूँधती हो? दिखाओ.” तिला जमिनीवर, पाटाशिवाय, कोपर वाकवून उभे केले आणि जमिनीपासून कोपरापर्यंत माप घेतले. ३७ इंच भरले. “ओटा ३२,” तो म्हणाला. पोळी लाटताना हात कोपराखाली राहिले तरच खांदा दुखत नाही. शेगडी आणि तिच्यावरचे पातेले ओट्याची उंची वाढवतात, म्हणून शेगडीपुरता भाग त्याने आणखी ३ इंच खाली घेतला. ४५ वर्षांत त्या ओट्यापुढे उभ्या राहिलेल्या दोन बायकांपैकी कोणाचे माप घेण्याचे कोणाला सुचले नव्हते. मला तर नाहीच.

विश्वासू माणूस कसा ओळखावा, असे आता स्नेही मला विचारतात. कागद, मानक, हप्ते, पावती हे सर्व अवश्य करावे. त्यावाचून चालू नये. पण या गोष्टींनी फसवणूक टळते, काम चांगले होईलच असे नाही. जो भिंतीच्या आधी माणसाचे माप घेतो, त्याला काम द्यावे.

स्वयंपाकघर २०२३ च्या दिवाळीआधी पूर्ण झाले. पहिल्या दिवशी सौ. ओट्यापाशी गेली आणि सवयीने पाय पाटावर ठेवण्यासाठी उचलला. पाट तेथे नव्हता. क्षणभर ती तशीच थांबली, मग पाय खाली टेकवून तिने कणीक पुढे ओढली. तो पाट आता देवघरापुढे असतो. सकाळी पूजेला मी त्यावर बसतो. मांडी घालताना आई आठवते आणि थोडी लाजही वाटते.