टोपलीबाहेरची वस्तु

वाण्याच्या दुकानांत शेजारच्या गिऱ्हाइकाच्या पिशवीकडे पाहण्याची मला जुनी खोड आहे. साबुदाणा, दाणे आणि रताळीं दिसलीं कीं उद्यां एकादशी, हें समजायला पंचांग लागत नाहीं. या खोडीचें आतां रीतसर शास्त्र झालें आहे.

१९९३ मध्यें राकेश अग्रवाल, टोमाझ इमिएलिन्स्की व अरुण स्वामी यांनीं कोणत्या वस्तूबरोबर कोणती वस्तु विकली जाते हें हुडकण्याची पद्धति मांडली. हजार वस्तूंच्या दुकानांत नुसत्या जोड्याच ४,९९,५०० होतात! पुढच्याच वर्षीं अग्रवाल व रामकृष्णन श्रीकांत यांनीं ‘अप्रायोरी’ नांवाची युक्ति दिली : जी जोडीच क्वचित् आढळते, तिच्यांत तिसरी वस्तु मिळवून पाहण्याचे श्रम घ्यावेत कशाला?

तरीही फसगत सोपी आहे. समजा, शंभरांपैकीं वीसजणांनीं चहा घेतला व त्यांतील सोळांनीं साखरही घेतली. शेंकडा ऐंशी! पण एरव्हींही शंभरांत ऐंशीजण साखर घेतच असतील, तर चहानें आपल्याला नवें काय सांगितलें? यासाठीं ‘लिफ्ट’ नांवाचें माप आहे. ऐंशीला ऐंशीनें भागलें कीं एक येतो, आणि इथें एक म्हणजे शून्य ज्ञान.

१९९२ मध्यें अमेरिकेंतील ऑस्को दुकानांच्या सुमारें १२ लक्ष टोपल्या तपासतांना सायंकाळीं पांच ते सात या वेळांत बीअर व डायपर एकत्र जातात असें दिसलें. मग दुकानदारांनीं दोन्ही वस्तू शेजारीं मांडल्या आणि खप वाढला, ही गोष्ट वर्गावर्गांतून सांगितली जाते. वस्तुतः मांडणी बदललीच नव्हती. आंकड्यांचा टिळा लावला कीं दंतकथाही विद्वानांच्या पंक्तीला बसते!

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. टोपलीला घेतलेलें तेवढेंच ठाऊक. माझ्या आईच्या वाणसामानाच्या यादींत दर दिवाळीला ‘काजू पाव किलो’ असें असे आणि दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं त्यावर काट बसे. टोपल्या मोजणाऱ्याच्या लेखीं आमच्या घरीं काजू कोणाला आवडत नव्हते. आजचीं घरबसल्या खरेदीचीं दुकानें काढून ठेवलेली वस्तुही टिपूं शकतात, आणि तिच्यावर सवलत देऊं करतात. आईची काट मात्र दुकानाबाहेर पडे, वाण्यालाही न दिसतां. पुढल्या दिवाळीला ती तोच शब्द पुन्हा सुवाच्य अक्षरांत लिही.