पडद्यावरची माय

इतिहासाच्या अध्यापकाने संगणकावरील खेळाविषयी लिहावे, याचे माजी विद्यार्थ्यांना नवल वाटेल. पण तसे कारण घडले.

आमच्या वसतिगृहातील मुले सुटीच्या दिवशी ‘लुआंटी’ या मोफत प्रणालीवर ठोकळ्यांचा खेळ खेळतात. त्यात घरे उभारता येतात, गहू आणि कापूसही पिकवता येतो. सातवीतील एका मुलाने एकदा विचारले, “सर, याच्यात कापूस हाये, मंग माह्या मायसारखं कोनीच काऊन नाही जी?” त्याची आई हिंगणघाट तालुक्यात कापूस वेचायला जाते. मी निरुत्तर झालो. ज्यांच्या हाती कुंचला नव्हता त्यांची चित्रे इतरांनी काढली, किंवा काढलीच नाहीत, हे वर्गात शिकवणारा मीच होतो.

या खेळातील पात्राची ‘स्किन’, म्हणजे त्याचा वर्ण व पोशाख, ही 64 बाय 32 ठिपक्यांची एक चित्रफाईल असते. शिंप्याने बेतलेल्या कापडाप्रमाणे डोके, धड, हात, पाय तीत सुटे मांडलेले असतात. ती बदलता येते. प्रश्न होता साधनाचा.

प्रथम जुन्या संगणकावरील ‘पेंट’ घेतले. त्यात पारदर्शक भाग पांढरा झाला आणि मायचे डोके पांढऱ्या पेटीत झाकले गेले. एका परिचिताने ‘फोटोशॉप’ची विनापरवाना प्रत देऊ केली. न दिलेले घेऊ नये, हे शील रोज सकाळी मुलांसोबत ग्रहण करणाऱ्याने ती कशी घ्यावी? शेवटी ‘गिम्प’ निवडले. बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी घडवलेले हे सॉफ्टवेअर 1996 पासून सर्वांना मोफत उपलब्ध आहे. ‘ब्रश’ने ठिपक्यांच्या कडा पुसट होतात, म्हणून ‘पेन्सिल’ वापरावी. पारदर्शकता टिकावी म्हणून फाईल ‘जेपीजी’त नव्हे, ‘पीएनजी’त जतन करावी, हे आम्ही दोघे चुकत चुकत शिकलो.

मुलाने मायसाठी गोरा रंग निवडला होता. मी त्याला अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील सावळ्या आकृतींची छायाचित्रे दाखवली. बोललो काहीच नाही. दुसऱ्या दिवशी रंग बदललेला होता.

पालकभेटीच्या रविवारी मायने पडद्यावर स्वतःला पाहिले. बराच वेळ ती निरखत राहिली. मग म्हणाली, “कामावरचं माहं लुगडं हिरवं हाये.”

मुलाने लगेच ‘गिम्प’ उघडले.