नटराजासाठी फळी

आमच्याकडच्या मूर्ती बरीच वर्षं घरभर विखुरलेल्या होत्या. बस्तरचे ढोकरा कामातले घोडेस्वार टीव्हीच्या वर, बांकुऱ्याचा मातीचा घोडा खिडकीत, कृष्णनगरच्या घूर्णी भागातली मातीची माणसं पुस्तकांच्या पुढे, आणि स्वामीमलैहून आणलेला पंचधातूचा नटराज कपाटाच्या तळाशी, जुन्या सुती साडीत गुंडाळलेला. ह्यांची बँकेतली बदलीची नोकरी. ज्या मुलखात राहिलो तिथल्या कारागिराकडून एखादी वस्तू घ्यायची, ही आम्हा दोघांची हौस. निवृत्तीनंतर पुण्यात स्थिरावलो आणि ठरवलं की आता यांना हक्काची जागा करायची.

आधी तयार शोकेस पाहून आलो. जवळजवळ सगळ्यांच्या पाठीला आरसा. मूर्तीची मागची बाजू दिसावी म्हणून तो लावतात हे खरं, पण त्यात समोरचा सोफा, पंखा, दार आणि बघणाराही दिसतो, आणि मूर्ती त्या गर्दीत बुडून जाते. फळ्या सगळ्या सारख्या अंतरावर. नटराज मावेल असा कप्पा एकाही कपाटात नव्हता. तेव्हा कपाट घरीच करायचं ठरलं. आमच्या गल्लीतल्या मिस्त्रीकाकांनी आता कामं घेणं थांबवलंय, पण हत्यारं अजून धार लावून ठेवलेली असतात. ते म्हणाले, "ताई, करवत-रंधा मी देतो, शेजारी उभाही राहतो. पण आधी माल दाखवा. माप नंतर."

मग हॉलमध्ये सतरंजी अंथरून सगळ्या मूर्ती मांडल्या. प्रत्येकीची उंची, रुंदी, खोली आणि वजन वहीत लिहिलं. कपाटाच्या कामातलं हे सर्वांत महत्त्वाचं काम, असं मी आता ठामपणे सांगेन. बांकुऱ्याच्या घोड्याचे कान आणि शेपूट वेगळे भाजून नंतर खाचेत बसवलेले असतात. ते काढून ठेवले तर घोडा सहज मावतो, कान लावले की वरच्या फळीला टेकतो. माप कानांसकट घ्यायचं. नटराजाची प्रभावळ खालच्या पीठापेक्षा रुंद, म्हणजे पीठाचं माप कामाचं नाही.

वजनाची तर गंमतच. ढोकरा कामात मातीच्या गाभ्यावर मेणाचे बारीक दोरे गुंडाळून आकृती उभी करतात, वर पुन्हा मातीचा लेप देतात. भट्टीत मेण वितळून जातं आणि त्याने रिकाम्या केलेल्या जागेत पितळ उतरतं. साचा फोडल्याशिवाय मूर्ती निघत नाही, म्हणून एकासारखा दुसरा घोडेस्वार नसतो. या मूर्तीत धातू असतो तो सालीपुरता. स्वामीमलैचे स्थपतीही मेणाचीच मूर्ती घडवतात, पण ती भरीव ओततात. त्यामुळे आमचा सर्वांत उंच घोडेस्वार मी एका हाताने उचलते, आणि अठरा इंची नटराज काट्यावर चौदा किलो भरला.

काकांचा नियम साधा होता: जड माल खाली. कपाट उभं राहायचं तर दुसरा मार्ग नाही. इथे सासूबाई बोलल्या. मूर्ती विकत आणलेल्या आहेत, पूजेतल्या नाहीत, हे त्यांना मान्य होतं. माझ्या आईने लग्नात दिलेली अन्नपूर्णा देवघरातून हलणार नाही, यावर आमचं दोघींचंही एकमत होतं. पण नटराज पायाशी ठेवायला त्यांचा विरोध होता. "घोडे, हत्ती खाली ठेव. देव वर हवा." मला त्यांचं पटलं, आणि ते केवळ भाविकपणामुळे नाही. उभा माणूस पायाशी ठेवलेली मूर्ती वरून बघतो. त्याला डोकं दिसतं, चेहरा दिसत नाही. नटराजाचा तोल सगळा त्या वाकलेल्या उभ्या पायात आणि वर उचललेल्या डाव्या पायात आहे. तो समोरूनच पाहायला हवा.

म्हणजे देव वर आणि वजन खाली, दोन्ही साधायचं होतं. काकांनी खडूने भिंतीवरच आकृती काढली. खालचा सव्वीस इंचांचा भाग बंद, ड्रॉवरचा. ती कपाटाची बैठक. त्याच्यावर काचेचे कप्पे: पहिला बावीस इंची, दुसरा चौदा, तिसरा दहा. सहा फूट रुंदीचे उभ्या फळ्यांनी तीन खण पाडले, त्यामुळे कुठलीच आडवी फळी दोन फुटांपेक्षा लांब राहिली नाही. हे दिसायला बारीकसं वाटतं, पण फळीची लांबी निम्मी केली की तेवढ्याच वजनाखाली येणारा झोल आठ पटींनी कमी होतो. नटराजाच्या बरोबर खाली बैठकीत आणखी एक उभी फळी आली आणि मधल्या खणात एका मोठ्या ड्रॉवरऐवजी दोन लहान झाले. त्याचे चौदा किलो थेट जमिनीवर उतरतात, आडव्या फळीवर टांगून राहत नाहीत.

प्लाय अठरा एमएमचा, पाण्याला टिकणाऱ्या प्रतीचा घेतला आणि दुकानातच मापाने कापून आणला. गॅलरीत ह्यांनी भोकं पाडली, मी पॉलिश पेपर मारला, काका गुण्या लावून प्रत्येक कोपरा तपासत होते. आमच्या इमारतीची फरशी दाराकडे उतरती आहे हे पाणसळ ठेवल्यावर कळलं. एका बाजूला सागवानी पाचर देऊन कपाट सरळ केलं, आणि वरून भिंतीला लोखंडी कोन मारून पक्कं बांधलं. काचेची दारं असलेलं जड कपाट कधीही नुसतं उभं ठेवू नये.

काच टफन केलेली घेतली. ती एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. म्हणून चौकट पूर्ण बसल्यावरच मापं दिली. काचवाल्याकडून आणलेलं सिलिकॉन उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला. तो असेटिक आम्लाचा वास. सुकताना ते आम्ल बाहेर पडतं आणि तांब्या-पितळेला खातं. आमच्या कपाटात निम्म्याहून जास्त माल धातूचा, म्हणून ती ट्यूब परत करून न्यूट्रल क्युअर लिहिलेली आणली. ताज्या प्लायच्या गोंदातूनही फॉर्मल्डिहाइड सुटत राहतं आणि बंद कपाटात साचलं की धातूला बाधतं. सगळ्या कापलेल्या कडा रंगाने बंद केल्या आणि दारं न लावता कपाट वास जाईपर्यंत उघडं राहू दिलं. मूर्ती तोवर सतरंजीवरच होत्या.

पाठीच्या रंगावर आम्ही फार वेळ घालवला, आणि तो घालवण्यासारखाच होता. मी घरातल्या साड्या एकेक करून मूर्तींच्या मागे धरल्या. पांढऱ्यावर पितळ काळं पडतं, नुसती बाह्यरेषा उरते. गेरूच्या रंगावर पितळ सुरेख खुललं, पण बांकुऱ्याचा घोडा त्यात विरून गेला. एक जुनी इरकल होती, निळसर राखाडी अंगाची. तिच्यापुढे धातू उजळला आणि भाजलेल्या मातीचा तांबूसपणाही वेगळा उठला. रंगाच्या दुकानात ती साडीच घेऊन गेले आणि तसा, चकाकी नसलेला रंग करून घेतला.

दिव्यांच्या बाबतीत सर्रास एक पद्धत दिसते, पट्टी मागच्या बाजूला लावायची. त्यामुळे पाठ उजळते आणि मूर्तीचं तोंड अंधारात जातं. काकांनी फळ्यांना वाक येऊ नये म्हणून पुढच्या कडेला दीड इंची सागवानी पट्टी मारली होती. तिच्याच आड एलईडीची पट्टी तिरकी बसवली, बारा व्होल्टची, 3000 केल्विनची उबदार प्रकाशाची. तापणारा ड्रायव्हर कपाटाच्या आत नको, तो वरच्या पोकळीत. पहिल्यांदा दिवा लावला तेव्हा घोडेस्वाराच्या छातीवरचे मेणाचे दोरे एकेक मोजता आले. एके ठिकाणी दोरा तुटून पुन्हा चिकटवलेला आहे आणि त्या जोडावर अंगठ्याचा दाब पितळेत उतरलेला आहे. टीव्हीच्या वर तो इतकी वर्षं होता, पण हे तिथे दिसत नव्हतं. ढोकरा मूर्ती चिंचेने घासून चकचकीत करणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, करू नका. मऊ ब्रशने धूळ झटकली की पुरे. सांदीतला काळेपणाच त्या रेषा उठवतो.

ढोकऱ्याचा कप्पा बरोबर नजरेच्या रेषेत आला आहे. संग्रहातला गणपती सगळ्यात वर, नटराज आणि घोडा खालच्या बावीस इंची कप्प्यात. घूर्णीच्या मातीच्या माणसांना पावसाळ्यातली ओल सोसत नाही, म्हणून त्यांच्या मागे सिलिका जेलची पुरचुंडी ठेवते. सगळा संग्रह मात्र एका वेळी मांडत नाही. प्रत्येक मूर्तीच्या बाजूला हात जाईल एवढी जागा हवी, नाहीतर पुसतानाच अपघात होतो. उरलेल्या मूर्ती सुती कापडात ड्रॉवरमध्ये विसावतात आणि काही महिन्यांनी अदलाबदल होते.

मधल्या लहान ड्रॉवरमध्ये ती मापांची वही आहे. आता तिच्यात मापांपुढे बाकीचंही लिहिलंय: मूर्ती कुठल्या गावी घेतली, कारागिराचं नाव काय, त्याने ती कशी घडवली म्हणून सांगितलं. काही मूर्तींपुढची जागा कोरी आहे, कारण आम्हा दोघांनाही आता आठवत नाही. तुमच्या घरी अशा मूर्ती असतील तर कपाट होईल तेव्हा होवो, वही मात्र या रविवारीच काढा. दुकानाची पावती सापडली तर पानाला चिकटवा. मूर्ती पुढे मुलांकडे जाईल, पण ती घडवणाऱ्याचं नाव फक्त तुम्हालाच माहीत आहे.