न काढलेली दाढ

मिरजेतल्या एका दंतवैद्य बाईंचं माझ्यावर ऋण आहे, ते त्यांनी न केलेल्या कामाचं.

उजव्या जबड्यात करंट बसावा तशी कळ यायची. काही सेकंदांचीच, पण भाकरीचा घास, दाढी, पंख्याचा वारा, काहीही पुरे व्हायचं. वर्गात हजेरी घेताना मध्येच थांबायचो आणि पोरं चिडीचूप व्हायची. दुसरीकडे एक दाढ काढून झाली होती, कळ जागची हलली नव्हती. आता शेजारची काढा, म्हणून बाईंकडे हटून बसलो. त्यांनी दाढेवर ठोकून पाहिलं. काही नाही. मग कापसाची कड ओठाजवळ नुसती टेकवली, आणि मी खुर्चीतून उडालो.

"सर, ही नसेची कळ आहे. चांगली दाढ मी काढणार नाही."

कागदावर लिहिलं, ट्रायजेमिनल न्यूरॅल्जिया. चेहऱ्याची जाणीव मेंदूला पोचवणाऱ्या पाचव्या नसेवर बहुधा एखादी धमनी टेकलेली असते. ठोक्याठोक्याला घासून नसेचं आवरण झिजतं, मग साधा स्पर्शही कळ होऊन पोचतो. क्वचित गाठ निघते, म्हणून एमआरआय कराच, असं बजावून त्यांनी मेंदूविकारतज्ज्ञांकडे धाडलं. फी विचारली तर म्हणाल्या, "केलंय काय मी?"

गोळी मिळाली कार्बामॅझेपिन. औषधवाल्यानं हळूच विचारलं, "फिट कुणाला येते?" फिटवरही तीच चालते. १९५३ मध्ये बाझलच्या गायगी कंपनीत वॉल्टर शिंडलर यांनी बनवलेलं हे रसायन या कळीवर लागू पडतं, हे स्वीडनच्या ब्लोम यांनी १९६२ मध्ये दाखवलं. साध्या वेदनाशामकांना दाद न देणारी कळ या गोळीनं दाबली; वर चक्कर, पेंग आणि सोडियमच्या तपासण्या दिल्या.

पुढं गोळी पुरेना, तेव्हा शस्त्रक्रिया झाली. कानामागून शिरून धमनी आणि नस यांच्यामध्ये टेफ्लॉनचा तुकडा ठेवला. अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी १९३० च्या दशकातच ती धमनी हेरली होती. पीटर जॅनेटा यांनी १९६० च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली हा उपाय उभा केला. देणं त्यांचंही आहे. पण एकामागून एक दाढा काढत बसलो असतो, तर त्यांच्यापर्यंत पोचलोच नसतो.

हल्ली असा रुग्ण आला की बाई मला फोन जोडून देतात. गोळी मनानं बंद करू नका, अंगावर पुरळ उठलं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा, एवढं मी सांगतो. बाकीचं बाई सांगतात.