आर्सचे धर्मगुरू

सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या परीक्षेत आम्ही अनुत्तीर्ण झालो, तेव्हा एका वृद्ध गुरुवर्यांनी आमच्या हाती संत जॉन मेरी वियान्नी यांचे चरित्र ठेवले. १७८६ साली फ्रान्समधील शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या वियान्नींना लॅटिन काही केल्या साधेना. तरीही १८१५ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. १८१८ साली आर्स ह्या सुमारे २३० वस्तीच्या खेड्यात त्यांची नेमणूक झाली. पुढे दूरदूरचे लोक तेथे येऊ लागले. दिवसाचे सोळा-सोळा तास ते पापनिवेदन ऐकत बसत.

त्या वयात आम्हांला धीर दिला तो त्यांच्या अपयशाने. आज पन्नाशी ओलांडल्यावर मन वेगळ्याच ठिकाणी थबकते. स्वतःला अपात्र समजून, एकांतवासाच्या ओढीने, ते अनेकदा आर्स सोडून निघाले होते. १८५३ साली तर गावकऱ्यांनी वाट अडवून त्यांना परत आणले. ४ ऑगस्ट १८५९ रोजी आर्समध्येच त्यांनी देह ठेवला. १९२५ साली ते संत म्हणून घोषित झाले.

गतवर्षी आम्हीही थकून बदलीचा अर्ज लिहिला होता. त्याच संध्याकाळी मिस्सानंतर एक आजी भेटल्या. हात धरून म्हणाल्या, "फादर, माझ्या मातीला तुम्हीच या हां."

अर्ज अजून टेबलाच्या खणात आहे. धर्मगुरू आपल्या लोकांना सांभाळतो, असे आम्ही प्रवचनांतून सांगत आलो. आर्सच्या लोकांनी आपल्या धर्मगुरूला सांभाळले, हे सांगायचे मात्र राहूनच गेले होते.